मागचे काका

सगळे त्यांना मागचे काका म्हणत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. कामच तसं होतं. समुद्राकाठच्या त्या गावातून मोसमभर पायी सहली निघत. आधी किनाऱ्याने दीपगृहापर्यंत, मग विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडाशी चढून पलीकडे, राखेच्या उतारावरून खाली आणि काळ्या वाळूवरून पुढच्या बंदराला. जड सामान गाडीने आधीच मुक्कामाला जाऊन पडे, माणसं मात्र चालत. पैसे भरून पायांना फोड आणून घ्यायची ही हौस कोणी काढली देव जाणे, पण दर आठवड्याला नवी टोळी येई, नवे कोरे बूट घालून, आणि पहिल्या दिवशी सगळे असे तरातरा निघत की जणू पलीकडे गरम जेवण निवत चाललंय.

टोळीबरोबर दोन माणसं असत. वाट दाखवायला एक पुढे आणि राखण करायला एक मागे. पुढे ताई, मागे काका. ताई म्हणजे काकांची एकुलती एक लेक, पण हे टोळीला कळायला एखाद-दुसरा दिवस जाई. कारण दिवसभर दोघांच्या मध्ये सगळी टोळी चालत असायची आणि बापलेकीचं बोलणं होई ते सकाळच्या चहाला आणि संध्याकाळी मुक्कामाला. तेही काय, तर उद्या वारा कसा आहे आणि कोणाचा बूट चावतोय.

मागच्या माणसाचा नियम एकच, कोणाच्याही पुढे जायचं नाही. समोरचा थांबला की आपण थांबायचं. पण ‘मी तुमच्यासाठी थांबलोय’ हे त्याला जाणवू द्यायचं नाही, कारण दमलेल्या माणसाला अपमान फार चटकन वाटतो. काका यात मुरलेले होते. कोणी धापा टाकायला लागला की ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत. दुसऱ्या खेपेला त्यांना समुद्रात बोट दिसे. तिसऱ्या खेपेला बुटात खडा शिरे. एका डॉक्टरीणबाईंनी तर त्यांना बूट बदलायचा सल्लाही दिला होता, इतके खडे त्या बुटात शिरत.

आणि शेवटी चालणारी माणसं बोलत. पुढचे प्रश्न विचारतात, मधले फोटो काढतात, मागचे बोलतात, असा काकांचा अनुभव. नोकरी सुटलेले, संसार मोडलेले, जोडीदार गेलेले. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. काका हं, हं करत राहत. त्यावर सांगण्यासारखं त्यांना काही सुचत नसे, पण सांगणाऱ्याला तेवढं पुरे.

तसे काका काही हौशी चालणारे नव्हते. उभा जन्म त्यांनी दगडाच्या खाणीत काढला होता. त्याच डोंगराचा काळा दगड, गावातल्या पायऱ्यांना आणि फुटपाथांना लागणारा. घरी बायको शिवणकाम करी. लेक शहरात शिकली आणि तिथेच कामाला लागली. मग एका हिवाळ्यात बायको तापाचं निमित्त होऊन गेली आणि त्याच सुमारास खाणही बंद पडली. काका शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत बसून राहू लागले. दाढी नाही, जेवणाची शुद्ध नाही. शेजाऱ्यांनी लेकीला फोन केला. ती आली ती तिथलं काम सोडूनच आली. गावातल्या सहलवाल्यांकडे तिने गाईडचं काम धरलं आणि एका सकाळी बापाला म्हणाली, "बाबा, मागे चालायला माणूस मिळत नाहीये. एवढ्या मोसमापुरते येता का? मला तेवढाच आधार."

काका गेले. पोरीला आधार हवाय म्हटल्यावर ते खुर्चीतून उठले, एरवी कोणाच्या बापाचं ऐकून उठले नसते. तो मोसम गेला, पुढचा गेला, अशी बरीच वर्षं गेली. पोरीने लग्न काही केलं नाही. काका मनात म्हणत, मी मागे आहे तोवर पोर एकटी नाही. या एका गोष्टीवर ते रोज सकाळी बूट चढवत.

आणि मग गुडघा सुरू झाला.

उजवा. चढताना निमूट असे, उतरताना मात्र आत कोणीतरी सुरी फिरवल्यासारखं होई. मागच्या मोसमात त्यांनी दुखणं अंगावर काढलं. या मोसमात ते वाढलं. लेक चहाला यायच्या आधीच काका क्रेप बँडेज गुंडाळून वर पँट ओढून बसलेले असत. मुक्कामाला पोचलं की न्हाणीघरात गरम पाण्याची बादली घेऊन दार लावून बसत. "बाबा, किती वेळ अंघोळ?" लेक बाहेरून विचारी. "राख निघत नाही गं," ते आतून सांगत. पण ताकास तूर लागू दिली नाही.

दुखण्याची त्यांना भीती नव्हती. खाणीतल्या माणसाला दुखण्याचं काय कौतुक! भीती होती घराची. लेकीला कळलं की ती घरी बसवणार, आणि ते रिकामं घर खायला उठणार. शिवाय पोर डोंगरावर एकटी पडणार, ते वेगळंच. त्यातल्या त्यात एक सोय होती. मागचा माणूस हळू चालतो, त्याचं कामच ते. टोळीत एखादा दमेकरी निघाला की काकांचा गुडघा त्याच्या आड लपून जाई. दर आठवड्याला नवी टोळी आली की काका आधी नजर फिरवून बघत, यात आपल्या कामाचं कोण आहे. असं बघताना त्यांची त्यांना लाज वाटे, पण बघत.

त्या आठवड्याच्या टोळीत बाई होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उंच, सडसडीत, एकट्याच आलेल्या. टोळीने पहिल्याच संध्याकाळी त्यांना ‘बाई’ करून टाकलं आणि त्या आल्या की टोळीतले सारखे फोटो काढणारे दोघे भाऊसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसू लागले. दीपगृहाकडे उतरताना बाईंनी सहज मागे वळून पाहिलं. काका काठीवर सगळा भार टाकून, ओठ दाताखाली धरून एकेक पाऊल टाकत होते. त्या थांबल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, थोडं थांबू या का? मला जरा दम लागलाय."

"थांबू या की," काका म्हणाले आणि वाकून नाडी सोडू लागले.

आता गंमत बघा. बाईंना दमबिम काही लागला नव्हता. अंगात ताप घेऊन खेळांच्या दिवशी शाळेत येणारी पोरं हुडकण्यात त्यांची हयात गेली होती. काकांचं सोंग त्यांना एका नजरेत कळलं. काकांना मात्र बाईंचं कळलं नाही. इतकी वर्षं लोकांसाठी खोट्या नाड्या बांधलेला हा माणूस, पण आपल्यासाठीही कोणी असं करील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बिचाऱ्या बाई, असं म्हणत ते त्यांच्यासाठी समुद्रात बोटी शोधत. बाई त्या बोटी मन लावून बघत. दोघं एकमेकांना सांभाळत सगळ्यांच्या शेवटी चालत राहिले, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण मोठं पुण्य करतोय.

बाईंचं आणखी एक होतं. त्या स्वतःचं रडगाणं सांगत नसत, उलट काकांनाच विचारत. खाणीत सुरुंग लावायच्या आधी शिट्टी कोण वाजवायचं, घरी शिवायला काय काय यायचं. काका आधी हं, हं करत राहिले. मग एका दुपारी, वाऱ्याला पाठ करून पाव आणि उकडलेली अंडी खाताना ते आपोआप बोलायला लागले. बायको कापड तोंडात धरून बोलायची आणि तिचं बोलणं घरात फक्त आपल्यालाच कळायचं, हे त्यांनी सांगितलं. ती गेल्यावर कितीतरी दिवस जमिनीवर टाचण्या सापडत होत्या, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. बाईंनी त्यांना अर्धं सफरचंद कापून दिलं. काकांना फार हलकं वाटलं.

काळ्या वाळूच्या आदल्या संध्याकाळी लेक चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. मुक्कामाच्या घरामागे बाक होता, तिथे ओले मोजे वाळत होते.

"बाबा, आपण रोज उशिरा पोचतोय. मागे कोण रेंगाळतंय?"

"बाईंना दम लागतो गं."

"उद्या वाळू आहे. ओहोटी आहे तोवर कड्याखालून पार व्हायला हवं. भरती लागली की वाट गेली." ती थोडा विचार करून म्हणाली, "उद्या बाईंना पुढे घेते."

ही चालणाऱ्यांची रीतच आहे. जो सगळ्यात हळू, त्याला वाटाड्याच्या लगेच मागे घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं. मागे ठेवला तर तो मागेच पडत जातो. पुढे आणला की टोळी तुटत नाही. काकांनीच आजवर कितीतरी जणांना गोड बोलून पुढे धाडलं होतं. पण आज नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. बाई पुढे गेल्या की मागे हळू चालणारं उरणार कोण? सांगायचं तर हीच वेळ होती. लेक शेजारी बसली होती, जवळपास कोणी नव्हतं, चहा गरम होता.

"घे की पुढे," काका म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

सकाळी बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मला दम लागत नाही म्हणावं तर काका उघडे पडणार. त्या मुकाट्याने ताईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

सुरुवातीची वाट थिजलेल्या लाव्हावरून होती, चढाची, आणि चढ काकांना चालायचा. बाई पुढे अगदी रमतगमत चालत होत्या आणि त्यांच्यामागे सगळी टोळी मुंगीच्या पावलांनी. काकांचा जीव भांड्यात पडला. बाईंच्या फुप्फुसांचे त्यांनी मनोमन आभार मानले. पण माथ्याच्या जरा अलीकडे रांग एकदम भराभर चालू लागली. का, ते काकांना शेवटून दिसलं नाही. नुसत्या पाठी लांब लांब होत गेल्या आणि माथ्यापलीकडे उतरून दिसेनाशा झाल्या. काका राखेच्या उताराच्या तोंडाशी पोचले तेव्हा समोर कोणीच नव्हतं.

राखेवरून तरणी माणसं टाचा रोवून धावत उतरतात. काका आडवे उतरू लागले, भिंतीला धरून जिना उतरावा तसे. धरायला भिंत मात्र नव्हती. पाऊल टाकलं की राख सरके, पाय वळे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत. अर्ध्यावर काठी रुतली, ती ओढताना तोल गेला आणि काका बसले ते घसरतच काही अंतर खाली गेले. राख तोंडात गेली. त्यांनी आधी काय केलं असेल, तर कोणी पाहिलं का ते बघायला मागे वळून पाहिलं. मागे कोण असणार? ते उठले, पँट झटकली आणि मग खाली बघितलं.

खाली, वाळूच्या काठावर, सगळी टोळी थांबली होती. तोंडं वर करून सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

इतकी वर्षं काकांनी माणसांच्या पाठीच बघितल्या होत्या. पाठीवरून ते सांगत, हा उद्या फोड दाखवणार, ही रडणार. इतके चेहरे एकदम आपल्याकडे वळलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. कोणी हसत नव्हतं. फोटोवाल्या भावांनीही कॅमेरे खाली केले होते. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. आणि त्यांच्यातून लेक वर येत होती, दोन पावलं चढावं आणि एक पाऊल घसरावं अशा त्या राखेतून, हातापायांवर.

ती पोचली, त्यांच्या एक पाऊल खाली उभी राहिली आणि पायाकडे बघितलं. मग त्यांच्या काखेत खांदा दिला.

"मला जमेल," काका म्हणाले.

"माहितीये. धरा."

ते खाली आले तोवर लाटा कड्याला लागल्या होत्या. त्या टोळीला काळी वाळू पायाखाली घालता आली नाही. कोणी तक्रार केली नाही, हेही काकांना लागलं. बाई जवळ आल्या, एखाद्या पोराची माफी मागावी लागावी तशा अवघडून.

"काका, हळू चालणं मला जमलं. पण तुमची लेक मला चढावर शाळेबद्दल विचारत राहिली आणि मी सवयीने घडाघडा बोलत सुटले. दमलेलं माणूस एवढं बोलत नाही. ती म्हणाली, बाई, तुम्हाला दम लागत नाहीये. तेवढ्यावर ती सुसाट निघाली, माथा चढली आणि इथे येऊन थांबली. मग मागे वळून बघितलं तिने."

"म्हणजे तुम्हाला दम..."

"नाही हो काका. कधीच नाही."

काकांना शरम वाटली. आणि त्या शरमेच्या खाली हेही होतं, की कोणीतरी इतके दिवस आपल्यासाठी हळू चाललं. त्यांनी बाईंना हात जोडले. बाईंनी ते धरून खाली केले.

टोळी लांबच्या रस्त्याने निघाली. काकांना सामानाच्या गाडीत बसवलं. गाडीवाला एरवी तोंडाचा पट्टा बंद न करणारा, पण तोही मुक्कामापर्यंत गप्प राहिला.

संध्याकाळी लेकीने काकांच्या खोलीत गरम पाण्याची बादली आणली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि पँटचा पाय गुडघ्यावर दुमडला. गुडघा टरटरून सुजला होता.

"कधीपासून?"

"मागच्या मोसमापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं." ती चिडली होती, हात मात्र हलके होते. "मागच्याला काही झालं तर कोणाला कळतं, बाबा? सगळ्यांकडे बघायला तुम्ही. तुमच्याकडे बघायला कोण होतं? पडलात ना आज वर? केसांत राख आहे अजून."

काका खिडकीकडे बघू लागले. "मला वाटायचं, मी मागे असलो की तुला बरं. एकटी पोर डोंगरात. तू म्हणाली होतीस ना, माणूस मिळत नाही म्हणून."

लेकीचे हात पाण्यात थांबले.

"बाबा, माणूस मिळत होता."

"कधी?"

"तेव्हाच. दोघंतिघं येऊन गेले होते विचारायला. मी नको म्हटलं त्यांना." ती हळू बोलत होती. "तुम्ही त्या खुर्चीतून उठत नव्हता."

लेकच पुढे बोलली, आता सुरू केलंय तर सगळंच सांगून टाकावं तशी. समुद्रापलीकडच्या बेटांवर जागता ज्वालामुखी आहे, तिथे सहली नेणाऱ्यांचा तिला दरवर्षी फोन येतो. काम मोठं, शिकायला खूप. दरवर्षी ती म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. इतकी वर्षं ते धरून चालले होते की आपण पोरीची राखण करतोय. बाईंनी त्यांच्यासाठी चार दिवस सोंग केलं आणि या पोरीने आपल्या तरुणपणाची सगळी वर्षं केलं. त्यांना स्वतःचा राग आला, तिची कीव आली आणि ती उठून जाईल की काय अशी भीतीही वाटली, सगळं एकदम.

"मग जा की आता," ते म्हणाले. बाजारात जाऊन ये म्हणावं इतक्या सहज. "गुडघ्याने तसंही मला बसवलंच आहे. तुझं काय अडलंय?"

तोंडाने जा म्हणाले, पण कान ‘नाही’ ऐकायला बसले होते. पोर म्हणेल, काहीतरीच काय बाबा. पोर म्हणेल, तुम्हाला टाकून कुठे जाऊ? एरवी ती असंच काहीतरी म्हणायची आणि विषय संपायचा.

लेकीने पाय टॉवेलने टिपला. कोरडं बँडेज घेतलं आणि पोटरीपासून सुरुवात करून वर गुंडाळत नेलं, एकेक फेरा नीट बसवत. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. काका वाट बघत राहिले. मग खाली बघतच ती म्हणाली, "मोसम संपला की जाईन."

"हं," काका म्हणाले.

तिने बँडेजचं टोक आत खोचलं. "फार घट्ट झालंय का?"

घट्ट झालं होतं.

"नाही गं," काका म्हणाले. "ठीक आहे."